शाफ्टला एचपी कळत नाही

चिरंजीव,
आशीर्वाद.

तुझं कन्व्हेयरचं ड्रॉइंग बघितलं. मोटरचा शाफ्ट 28 मिमी म्हणून गिअरबॉक्सच्या पुढचाही 28 धरलायस. 5 एचपीची मोटर 1440 आरपीएमला फिरते तेव्हा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, साधारण 25 न्यूटन-मीटर असतो. 10:1 गिअरबॉक्सनंतर आरपीएम 144 आणि टॉर्क जवळजवळ 245! एचपी तेवढेच, पण शाफ्टला एचपी कळत नाही, टॉर्क कळतो. 40 पासून सुरुवात कर.

आणि स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, नुसत्या दोन ग्रबस्क्रूंवर, त्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूंवर? 40 च्या शाफ्टवर त्या जागी सव्वा टनाचा जोर येतो. चावीच हवी, म्हणजे शाफ्ट आणि स्प्रॉकेटच्या खाचेत बसणारी पट्टी, 12 बाय 8 ची. ग्रबस्क्रू लाव, पण स्प्रॉकेट सरकू नये एवढ्यापुरता, चावीच्या डोक्यावर. नुसत्या शाफ्टवर आवळलास तर बर, म्हणजे धातूची धारदार कड, उठते आणि काढताना स्प्रॉकेटचं बोअर खरवडून निघतं.

ईएन 8 ऐवजी ईएन 24 हे जास्त मजबूत पोलाद घेऊ का, विचारलंयस. शाफ्ट तुटत असेल तर जरूर घे. वाकत असेल तर पैसे वाया. तेवढ्याच भाराला दोन्ही पोलादं सारखीच वाकतात. व्यास 40 चा 48 कर, वाक निम्म्याखाली येतो.

आता खरी गोष्ट. उमेदवारीच्या काळात मी एका शाफ्टच्या स्टेपला, म्हणजे व्यास बदलतो तिथे, टोकदार कोपरा ठेवला होता. बेअरिंग चपखल बसलं, मी खूश. काही महिन्यांनी शाफ्ट बरोबर त्या कोपऱ्यातच तुटला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारखी गुळगुळीत वलयं होती, आणि एका बाजूला छोटासा खरबरीत डाग. म्हणजे तडा हळूहळू सरकत आला आणि उरलेल्या तेवढ्या जागेने शेवटी दम तोडला. 144 आरपीएमला शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक कण चोवीस तासांत दोन लाखांवर वेळा ताणतो आणि दबतो, कोपरा तिथेच मार खातो. म्हणून कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, दे, मात्र बेअरिंगच्या स्वतःच्या रेडियसपेक्षा लहान, नाहीतर ते खांद्याला टेकणारच नाही.

बेअरिंग 6209 घे, म्हणजे 45 ची जागा. स्प्रॉकेटच्या 40 वरून ते हाताने सरकत येईल, हातोडा फक्त शेवटच्या इंचाला, तोही आतल्या रिंगवर पाइप ठेवून.

बेअरिंग ओढून काढायच्या पुलरचे पाय शिरायला जागा दिसली नाही. ती ठेव आणि रविवारपर्यंत नवं ड्रॉइंग पाठव.

तुझा,
काका