आधी घराची अर्थिंग, मग गाडीची रेंज

वाचकांचे प्रश्न
उत्तरं : आयटीआयच्या वीजतंत्री ट्रेडचे निवृत्त निदेशक, आर्वी (जि. वर्धा)

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा तीस किलोमीटरवर आहे. दिवाळीत आम्ही छोटी इलेक्ट्रिक कार घेतली, २४ युनिटच्या बॅटरीची. गाडी मला मनापासून आवडली. पण रात्री चार्जिंगला लावली की लाल दिवा लागून बंद पडायची. गावातल्या वायरमनने सॉकेटच्या आत एक तार जोडून दिली, तेव्हापासून चार्ज होते. आता मामाजी म्हणतात, चार्जिंग चालू असताना गाडीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यात उन्हाळा लागला. मे महिन्यात नागपूरला लग्न आहे, तिथवर गाडी जाईल का? घरचे म्हणतात, विकून टाका अन् डिझेलची घ्या.
– एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पुढचं सगळं नंतर वाचा. आधी मेन स्विच बंद करून सॉकेटमधली ती तार काढायला लावा. ती निघेपर्यंत घरी गाडी चार्जिंगला लावू नका. मामाजींना भास होत नाही, त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे.

तुमच्या चार्जरला जमिनीची जोड, म्हणजे अर्थिंग, मिळत नव्हती. ती मिळाली नाही तर लाल दिवा लावून थांबायचं, हे त्याचं कामच आहे. वायरमनने केलं काय, तर न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडली. चार्जरला वाटतं, अर्थ मिळाली. हाच जुगाड बाजारात तयार पिनच्या रूपातही विकतात आणि तो पाहिला की माझा जीव कासावीस होतो. आपल्याकडे डीपीपासून घरापर्यंत लांब लाईन, तिन्ही फेजवर कमीजास्त लोड. त्यामुळे न्यूट्रलवर थोडेफार व्होल्ट असतातच. ते आता गाडीच्या पत्र्यावर येतात, त्याच त्या झिणझिण्या. गाडी रबराच्या टायरवर उभी असल्याने हे व्होल्ट जमिनीत उतरत नाहीत, हात लावणाऱ्या माणसातून उतरतात. उद्या वावधनात खांबावरचं न्यूट्रल तुटलं, तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील. ओल्या अंगणात अनवाणी उभ्या माणसाचं काय होईल, ते लिहवत नाही.

मी वर्षानुवर्षं पोरांना अर्थिंग शिकवली. इलेक्ट्रिक गाडीबद्दल लोक मला रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते, ते विचारतात, किंमत विचारतात, बॅटरी किती वर्षं टिकेल ते विचारतात. घरात अर्थिंग आहे का, हे कुणी विचारत नाही. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी घरांत थ्री पिनचं वरचं भोक नुसतं नावाला असतं, त्याच्या मागे तारच नसते. टीव्ही, पंखा त्यावर चालून जातात, म्हणून कळत नाही.

आपल्या काळ्या मातीचं वेगळंच आहे. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही. पण फाल्गुनानंतर ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. मग पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये कुचकामी होते. म्हणून खड्डा चांगला अडीच मीटर खोल घ्या, जाड जीआय पाइप उभा करा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्या. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि तयार पावडर वापरली तर आणखी चांगलं. वरून पाणी ओतायला नरसाळं ठेवा आणि उन्हाळाभर आठवड्यातून दोन-तीनदा बादलीभर पाणी घाला. मी माझा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घेतला, तिथली माती मे महिन्यातही ओलसर राहते.

काम झाल्यावर वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा. फेज-न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट, जवळपास तेवढेच फेज-अर्थमध्ये दिसले पाहिजेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर नकोत. अर्थ टेस्टर मिळाला तर त्यावर ५ ओहमच्या आत यायला हवं. शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो.

चार्जिंगची वायर मीटरपासून स्वतंत्र ओढा, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. स्वयंपाकघराच्या बोर्डातून नको, एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच नको. गाडी तासन् तास एकसारखा करंट ओढते आणि साधा सॉकेट ते सोसत नाही. लावून तासभर झाल्यावर पिनेला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर सॉकेट बदला, लोखंडी पेटीतला इंडस्ट्रियल बसवा. घराचा मंजूर भार १ किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. घरच्या कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांत मुभा आहे, त्याची धास्ती नको. मृगाच्या आधीचं वादळ घोंगावू लागलं की मात्र पिन काढून ठेवा. वीज लांबच्या खांबावर पडली तरी झटका तारेतून घरात येतो.

आता रोजचं. जाऊन-येऊन ६० किलोमीटर म्हणजे बॅटरीतले आठेक युनिट. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला अडीच-तीन युनिट भरतात. म्हणजे रात्री तीन-साडेतीन तास लाईन राहिली तरी तुमचं काम झालं. सायंकाळी व्होल्टेज पडलेलं असतं, शाळेतून आणलेली गाडीही तापलेली असते. म्हणून जेवणखाण उरकून, दहा-अकरानंतर लावा. मध्ये लाईन गेली तर गाडीचं काही बिघडत नाही, आली की बहुतेक गाड्या आपोआप पुढे सुरू होतात. तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून सावकाश पूर्ण १०० टक्के भरा. त्याने टक्क्यांचा आकडा खरा राहतो.

उन्हाची भीती आपल्याकडे साहजिक आहे. ४५ अंशांत माणूस घराबाहेर पडत नाही, तिथे बॅटरीचं काय, असं वाटणारच. बॅटरीला उष्णता आवडत नाही हे खरंच. भरून १०० टक्के झालेली गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवणं तिला सगळ्यात जास्त बाधतं. शाळेत लिंबाखाली जागा असेल तर ती धरून ठेवा. पण एसी बंद करून घामाघूम होत गाडी चालवू नका, ताई. छोट्या गाडीचा एसी तासाला एक-दीड युनिट खातो, तुमच्या तीस किलोमीटरला त्याचा हिशेब किरकोळ. खरी रेंज खातो तो वेग. ६०-६५ ने चालवलं तर एका युनिटला सात-आठ किलोमीटर मिळतात, शंभरच्या वर गेलात की पाच-सहावर येतात. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून छोटी बॅटरी घेऊन तिथे १२० ने जायचं, हे मला पटत नाही.

नागपूरचं लग्न बिनधास्त करा. दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक, पुढे वर्धा सत्तरेक, तिथून नागपूर पाऊणशेच्या आसपास. एका चार्जमध्ये हे बसवायचा हट्ट करू नका. घरून पूर्ण भरून निघा आणि वर्ध्याला डीसी फास्ट चार्जरवर लावा. तासाभरात ८० टक्क्यांपर्यंत येते, तेवढ्यात मुलांचं खाणंपिणंही होतं. मशीन चालू आहे का, हे ॲपवर पाहून वर फोनही करा आणि यवतमाळमधला एक चार्जर हाताशी ठेवा. वर्ध्याचा बंद असल्याचं कळलं तर यवतमाळलाच भरून घेता येतं. लग्नघरी प्लग मागाल तेव्हा अर्थिंग आहे का ते आधी विचारा.

बिलाचंही सांगतो. महिन्याला सव्वादोनशे युनिट वाढतील आणि घरगुती दराचे टप्पे पाहता वरचे युनिट महाग पडतील. तरी डिझेलपेक्षा खर्च बराच कमी राहतो. छत पक्कं असेल तर २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी बारा युनिट देतात. दिवसा गाडी शाळेत असली तरी नेट मीटरमुळे, म्हणजे लाईनीला दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरमुळे, हिशेब जुळतो.

गाडी विकू नका. अर्थिंग करून घ्या आणि पहिल्या रात्री चार्जिंग चालू असताना मीटर लावून मामाजींच्या समोर तपासा. पत्र्यावर व्होल्ट नाहीत हे त्यांनी स्वतः पाहिलं पाहिजे.

प्रश्न : वावरात सोलर पंप आहे. रोज पाणी द्यायचं नसतं, पॅनल तसेच उभे असतात. त्यावर गाडी चार्ज होईल का?
– एक शेतकरी, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, थेट नाही होणार. पंपाचा कंट्रोलर मोटारीसाठी बनवलेला असतो. ऊन-ढग जसं बदलेल तशी तो फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज कमीजास्त करतो. मोटार ते चालवून घेते, गाडीचा चार्जर घेत नाही, जबरदस्तीने जोडलं तर जळू शकतो. अनुदानाचा पंप असेल तर वायरिंगशी छेडछाड केल्याने हमीही जाते. शेतीपंपाच्या वीज कनेक्शनवरही गाडी लावू नका, ते शेतीच्या दराचं आहे. गाडी गावातल्या घरीच चार्ज करा.

प्रश्न : आमच्या पांदण रस्त्यावर बाभळीचे काटे फार. इलेक्ट्रिक गाडीत स्टेपनी नाही. अडकली तर ट्रॅक्टरने टोचन करून आणता येईल ना?
– एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : चिखलातून दहा-वीस फूट ओढून काढायची असेल तर न्यूट्रल करून, कंपनीने दिलेल्या हुकाला दोर बांधून, अगदी हळू. त्याहून लांब नाही. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटारही फिरते आणि वीज तयार करू लागते. लांबवर ओढली तर आतलं महागाचं काम निघू शकतं. मोटार ज्या चाकांना आहे ती वर उचललेली पाहिजेत, किंवा पूर्ण गाडी ट्रेलरवर घ्या. काट्यांसाठी ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत असू द्या, आणि ते वापरायला घरच्या अंगणात एकदा शिकून घ्या. काटा मोठा असेल तर रस्त्यातच उपटू नका. तो भोक धरून ठेवतो, हवा सावकाश जाते आणि हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येतं.