मराठी शिकायला लागलात? आधी एवढंच धरा

व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. समास, वृत्तं, प्रयोगांची नावं सध्या राहू द्या. हिंदीतून मराठीत येणाऱ्यांचं अडतं ते मोजक्या जागी.

- लिंगं तीन आहेत. नाम सुटं पाठ करू नका. 'तो रस्ता, ती शाळा, ते घर' असंच म्हणा.
- सगळ्यात जास्त वेळ सामान्यरूपाला द्या. 'रस्तावर' नाही, 'रस्त्यावर'. शाळेत, पावसात, भावाला. प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो. तक्ते घोकण्यापेक्षा रोज चार-पाच वाक्यं मोठ्याने म्हणा, कानाला सवय होते.
- 'मीने भाकरी खाल्ली' ही नेहमीची चूक. 'मी', 'तू'ला 'ने' लागत नाही. त्याने, तिने मात्र म्हणायचं.

आणि 'आम्ही' व 'आपण'. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. तमिळ, तेलुगूत आहे. 'आम्ही जेवायला जातोय' म्हणालात तर समोरचा बाहेर राहिला, 'आपण जाऊ' म्हटलं की तो सोबत आला. मला हे मराठीचं फार मोठं वैभव वाटतं. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलताना इथे जपा. बाकीच्या चुका लोक हसून सोडून देतात.

भाजीवाल्या मावशी तुमच्याशी हिंदीत बोलायला लागल्या, तरी तुम्ही मराठीतच उत्तर द्या. जमेल तुम्हाला.