घर हलवण्याचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधलं २ बीएचके घर, नोकरी वेर्ण्याला, गोव्यात घर अजून ठरलेलं नाही. कंपनीने अंतर बघून ४०,००० रुपये मंजूर केलेत. ते पुरतील का, आणि सध्या किलोमीटरला काय भाव चालू आहे?

किलोमीटरला भाव असतो तो खनिजाला, रेतीला, चिऱ्यांना. इकडे गोव्यात, फोंड्याला घरसामान हलवण्याच्याच धंद्यात असल्यामुळे हा प्रश्न मला गिऱ्हाइकांपेक्षा घरातूनच जास्त ऐकावा लागतो. आमचा मेहुणा डिचोलीचा, खाणीवर ट्रक लावलेला माणूस. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत त्याचं भाडं टनामागे-किलोमीटरमागे ठरायचं, आणि जगातलं प्रत्येक भाडं असंच ठरतं हे त्याचं ठाम मत आजही आहे. तुमच्या एचआरने काढलेला तक्ता बघून तोही त्याच शाळेतला वाटतो. खनिज जड. हौदा काठोकाठ भरायच्या आधीच गाडीचं पासिंग, म्हणजे वजनाची मंजूर मर्यादा, संपतं. घरसामान हलकं आणि पसरट, पॅक केल्यावर घनफुटाला सरासरी ३ ते ३.५ किलो. ६०० घनफूट सामानाचं वजन दोन टनांच्या आसपास, तेवढ्यात १७ फुटी आयशर ट्रक छतापर्यंत भरतो आणि वजनाची निम्मी ताकद वापराविना राहते. तुम्ही भाडं भरता ते जागेचं.

म्हणून आधी मोजपट्टी घ्या. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा. पुठ्ठा आणि बबल गुंडाळल्यावर प्रत्येक बाजूला दोनेक इंच वाढतात हे धरून. साधारण आकडे देतो. तीन जणांचा सोफा ५५ घनफूट, त्याच्या दोन खुर्च्या मिळून ४०. गोदरेजचं लोखंडी कपाट ३२, आणि ते सुटं होत नाही. स्टोरेजवाला डबल बेड सुटा करून ४०. फ्रिज ३०. चार खुर्च्यांचं डायनिंग ४०. स्कूटर तब्बल ५०. कपडे-भांड्यांचा दीड फुटी खोका ३.४. पुस्तकं मात्र मोठ्या खोक्यात भरू नका, दीड घनफुटाचा छोटा खोकाच २०-२५ किलोवर जातो आणि त्यापेक्षा जड झाला की तळ सुटतो. पोटमाळा आणि बाल्कनी मोजायला सगळेच विसरतात. नेमकं तिथूनच शेवटी आठ-दहा खोके निघतात.

पुण्यातलं नेहमीचं २ बीएचके असं मोजलं की सव्वापाचशे-साडेपाचशे घनफुटांवर येतं. वर १२ टक्के पोकळी धरा, कारण सोफ्याच्या हाताखाली आणि खुर्च्यांच्या पायांत जागा वाया जातेच. म्हणजे सहाशे. आता गाड्या बघा. छोटा हत्ती १७० घनफूट, टाटा ४०७ सुमारे ३००, १४ फुटी आयशर ५००, १७ फुटी ७००. सहाशे घनफूट १४ फुटीत बसणार नाही. पण सोफासेट पुण्यातच विकला आणि स्कूटर रेल्वेने पाठवली, तर १४५ घनफूट थेट वजा होतात आणि सामान पोकळीसकट साडेचारशेच्या आत येतं. गाडी एका मापाने लहान झाली. खर्चात खरा फरक पडतो तो इथे. स्कूटरसाठी वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस पुण्यावरूनच जाते. पार्सल ऑफिसात आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी हवी, आणि आरसे काढून हँडल-लाइटना गोणपाट गुंडाळायचं.

आता अंतराचा खर्च किती, तेही बघू. १७ फुटी गाडी लिटरला साडेसहा किलोमीटर देते. पुणे ते गोवा ४५० किलोमीटर म्हणजे ७० लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने ६,३०० रुपये. परतीचं धरलं तर दुप्पट, पण परतीचा माल मिळाला तर ट्रकवाला ते तुमच्याकडून पूर्ण घेत नाही. तुम्ही शंभर किलोमीटर जवळ राहायला असता तर एका बाजूला चौदाशे रुपये वाचले असते. एवढ्यावर एचआर तक्ते बनवतात!

खरा खर्च दोन दारांपाशी होतो. मेहुण्याशी वाद झाला की मी मयड्याच्या एका घराचा हिशेब पुढे करतो. ती गाडी आमची नव्हती. पुण्याच्या एका वाहतूकदाराने १९ फुटी बंद कंटेनर पाठवला होता. घर गावातल्या एका वाड्यावर (वस्तीत), मुख्य रस्त्यापासून चारेकशे मीटर आत. कंटेनरची उंची जमिनीपासून अकरा फुटांच्या घरात. वाटेवर विजेच्या तारा लोंबत होत्या, फणसाची फांदी आडवी आलेली, आणि खुरसापाशी (रस्त्याकडेच्या क्रुसापाशी) रस्ता असा काटकोनात वळतो की तिथे १४ फुटी गाडीसुद्धा दोनदा मागे-पुढे करावी लागते. ड्रायव्हरने खुरसापाशीच गाडी लावली आणि कोटेशन दाखवलं. वर ठळक ‘डोअर टू डोअर’, खाली बारीक अक्षरांत ‘वाहन पोहोचेल त्या ठिकाणापर्यंत’. मग छोटा हत्ती बोलावला. सहाशेला १७० ने भागा, म्हणजे चार फेऱ्या, १,२०० च्या दराने ४,८००. सामान दोनदा उतरवायचं म्हणून वाढीव हमाली ४,०००. एकूण ८,८००. पुण्याहून गोव्यापर्यंतच्या डिझेलपेक्षा शेवटच्या चारशे मीटरचा खर्च जास्त झाला, आणि ड्रेसिंग टेबलचा आरसा फुटला तोही या दुसऱ्या चढ-उतारात. मेहुणा म्हणतो, लहान गाडी आणायची होती. अहो, मीही तेच म्हणतोय! कुठली गाडी आणायची हे दार ठरवतं, अंतर नव्हे.

तुमचं घर अजून ठरलेलं नाही ही फायद्याची गोष्ट आहे. नुवें, कुठ्ठाळी, दाबोळी, मडगाव कुठेही घ्या. नव्या जुवारी पुलामुळे पणजीकडूनही रोज ये-जा करणारे आहेत. फक्त घर पसंत करताना मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत चालत एक सलग व्हिडिओ काढा आणि तो कोटेशन देणाऱ्याला पाठवा. फाटकाची रुंदी मोजा. जिन्याच्या वळणावर साडेसहा फुटी कपाट उभं फिरतं का ते बघा. जुन्या घरांत ते बऱ्याचदा बालकांवापर्यंतच (दर्शनी ओट्यापर्यंतच) येऊन थांबतं. सोसायटीत घर घेतलं तर लिफ्ट सामानाला देतात का आणि रविवारी सामान चढवू देतात का, हे आधी विचारा. लिफ्टशिवाय तिसरा मजला म्हणजे हमालीत दोन ते तीन हजारांची भर. दिवाडीसारख्या बेटावर जुनं घर स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. तिथे फेरीबोटीच्या मापाने गाडी निवडावी लागते.

तुमचं सामान गृहीत धरून, महिन्याच्या मधल्या आठवड्यात, पावसाळा सोडून मी असा अंदाज देईन. १७ फुटी गाडी २६ ते ३० हजार, पॅकिंग ९ ते ११, दोन्हीकडची हमाली ६ ते ८. पॅकिंगसह एकत्र काम दिलं की त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४८ हजारांच्या खाली काही उतरत नाही, आणि शटल (मोठ्या गाडीपासून दारापर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या) लागली तर ती वेगळी. सामान कमी करून १४ फुटीत बसवलं तर २० ते २२, ७ आणि ५. करासकट ३८ ते ४० हजार. तुमचे ४०,००० यात कसेबसे बसतील, पण त्यात फक्त सामान येतं.

बाकीचं पटापट सांगतो. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत चालत नाही. एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. डिपॉझिट परत मिळतं ते तुम्ही ज्या काळी भरलं त्या दराने, आणि गोव्यात नवं भरावं लागतं आजच्या दराने, १४.२ किलोच्या सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५०. स्प्लिट एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला का ते उभं राहून बघा, नाहीतर इकडे नवा गॅस भरायचा खर्च येतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरणारे) शोधून ड्रमला लावा. ते नसतील तर घाटाच्या वळणांवर ड्रमचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर जातात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करा, उभाच न्या, इकडे आल्यावर काही तास थांबून मगच चालू करा.

स्वतःच्या कारवर मात्र नीट वेळ घाला. एमएच नंबरची कार गोव्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इकडचा नंबर घ्यावा लागतो. क्रम असा: पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (कर्ज असेल तर आधी बँकेची), मग इकडे फॉर्म २७ आणि गोव्याचा रोड टॅक्स, आणि त्यानंतर इकडची आरसी दाखवून पुण्याकडून उरलेल्या टॅक्सचा परतावा. म्हणजे टॅक्स आधी खिशातून जातो आणि परतावा मागाहून येतो. ही रक्कम ट्रकच्या भाड्याएवढी किंवा त्याहून मोठी असू शकते, आणि कुठल्याच एचआरच्या तक्त्यात ती नसते. विम्यावर नवा नंबर चढवून घ्या. तुमच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील आणि नवी गाडी घेणारच असाल तर बीएच सिरीज (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) बघा.

विम्याचं एक नीट समजून घ्या. बरेच वाहतूकदार जाहीर किमतीच्या तीनेक टक्के घेऊन ‘रिस्क कव्हर’ देतात. ते त्यांच्याच लेटरहेडवरचं आश्वासन असतं. विमा कंपनीची ट्रान्झिट पॉलिसी तुमच्या नावावर, गाडी सुटायच्या आधी हातात आली तरच तो विमा. वस्तूंची यादी आणि किंमत पॉलिसीला जोडलेली हवी. ‘घरसामान, एकूण दोन लाख’ एवढंच लिहिलं तर फुटलेल्या टीव्हीचे किती द्यायचे यावरच घोडं अडतं.

वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी ड्रायव्हरकडे सहीची यादी, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि बिल्टी (वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती) असू द्या, आणि बिल्टीवरचा नंबर दारात उभ्या असलेल्या गाडीचाच आहे का ते बघा. नंबर वेगळा असेल तर तुमचं सामान वाटेत कुठल्यातरी गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढणार हे समजा. पार्ट लोडमध्ये, म्हणजे एकाच गाडीत अनेकांचं सामान जातं तेव्हा, हे उघडपणे होतं आणि म्हणून तो स्वस्त पडतो. काच, टीव्ही, लाकडी जुनं सामान असेल तर मी पार्ट लोड देणार नाही. अ‍ॅडव्हान्स पंचवीस टक्क्यांच्या वर देऊ नका.

वरचे सगळे आकडे जून ते सप्टेंबरमध्ये चालणार नाहीत, हे सांगायचं राहिलं. पावसात बंद कंटेनरच हवा. चोर्ला, अनमोड, आंबोली यांपैकी कुठला घाट कधी दरडीमुळे किंवा अवजड गाड्यांच्या बंदीमुळे अडेल सांगता येत नाही, आणि गाडी थांबली की थांब्याचे पैसे लागतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी इकडे पोचल्या दिवशीच उघडा, दोन दिवस ठेवलीत तर बुरशी धरते. पार्टिकल बोर्डाचं मॉड्युलर कपाट पावसाळ्यात आणूच नका. एकदा सुटं केलं की स्क्रूची भोकं सैल होतात आणि दमट हवेत बोर्ड फुगतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात हमाल मिळणार नाहीत, दुप्पट पैसे दिले तरी नाहीत. महिनाअखेर आणि मे महिना यांना १५-२० टक्के जास्त धरा.

एचआरला ठोक रक्कम मागू नका. पगारात मिळवून दिलेले ४०,००० करपात्र धरले जातात, आणि तुमच्या करटप्प्याप्रमाणे हातात कमी येऊ शकतात. बिलावर भरपाई मागा, आणि गाडी, पॅकिंग, हमाली, शटल, विमा असे वेगळे मथळे मंजूर करून घ्या. आणि कोटेशनवरची ती बारीक ओळ खोडून ‘घराच्या आतपर्यंत, शटल धरून’ असं हाताने लिहून सही घ्या. सही द्यायला जो का-कू करेल त्याचा भाव कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नका.