आलेख शांत, तरी परीक्षा का अडते?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ४० स्विच (संगणकांना जाळ्यात जोडणारी उपकरणे), दोन राऊटर आणि एक फायरवॉल (येणारी-जाणारी वाहतूक तपासून अडवणारे उपकरण) आहे. ऑनलाइन परीक्षा सुरू होताच संगणक अडकतात, पण मॉनिटरिंगच्या आलेखावर एक गिगाबिटच्या मुख्य लिंकचा वापर ३५ टक्क्यांच्या वर गेलेला दिसत नाही. नव्या फर्मवेअरमधली (उपकरणातल्या मूळ प्रणालीतली) टेलिमेट्री, म्हणजे उपकरणाने स्वतःहून माहिती पाठवण्याची सोय, आणि तिचा डॅशबोर्ड घेतला की कारण कळेल, असे पुरवठादार म्हणतो. तो खर्च करावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खर्चाचा निर्णय घेण्याआधी तो ३५ टक्क्यांचा आकडा तयार कसा होतो ते पाहा. बहुतेक ठिकाणी मॉनिटरिंगचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी एसएनएमपीद्वारे (जाळ्यातल्या उपकरणांची माहिती विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) स्विचकडे विचारणा करतो आणि दोन वाचनांमधल्या फरकावरून सरासरी काढतो. आता असे समजा, की परीक्षा सुरू होताना शेकडो संगणकांनी एकदम प्रश्नपत्रिका मागितली, लिंक २० सेकंद पूर्ण भरली आणि उरलेली २८० सेकंद ३० टक्क्यांवर राहिली. या पाच मिनिटांची सरासरी साधारण ३५ टक्केच येते. विद्यार्थ्यांचे पडदे मात्र त्या २० सेकंदांतच गोठलेले असतात, कारण बफर (माहिती थोडा वेळ थांबवण्याची जागा) भरला की स्विच पुढची पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, टाकून देतो.

म्हणून पुढची परीक्षा समजा अकराला असेल, तर अकराला पाच मिनिटे असताना आणि पुन्हा अकरा वाजून दहा मिनिटांनी मुख्य स्विचवरच्या अपलिंक पोर्टचा (मुख्य लिंक जिथे जोडली आहे त्या पोर्टचा) ‘आउटपुट ड्रॉप्स’ किंवा ‘डिस्कार्ड्स’ हा टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा कागदावर उतरवून घ्या. तो एवढ्या वेळात हजारांनी वाढला असेल, तर गर्दी तिथेच होते आहे हे एक रुपया न खर्चता कळेल. आकडा जागचा हलला नाही, तर दोष सर्व्हरमध्ये, वाय-फायमध्ये किंवा फायरवॉलमध्ये शोधावा लागेल.

दुसरी खात्री काउंटरची, म्हणजे पोर्टमधून किती माहिती गेली हे मोजणाऱ्या आकड्याची करा. जुने ३२ बिटांचे काउंटर सुमारे ४२९ कोटी बाइट मोजून पुन्हा शून्यावर येतात आणि एक गिगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल, तर त्याला जेमतेम ३४ सेकंद लागतात. पाच मिनिटांत काउंटर अनेकदा फिरून येतो, सर्व्हरला ते कळत नाही आणि आलेख खालचाच आकडा दाखवत राहतो. म्हणून ६४ बिटांचे काउंटर वाचायला हवेत, पण ते एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीतून वाचताच येत नाहीत. सर्व्हर अजून तिच्यावर चालत असेल, तर थेट तिसऱ्या आवृत्तीवर या. पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत ‘कम्युनिटी’ हा परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो आणि अनेक ठिकाणी तो आजही ‘पब्लिक’ असाच ठेवलेला सापडतो. ओळख पटवणे आणि मजकूर सांकेतिक करणे या सोयी असलेली तिसरी आवृत्ती २००२ मध्येच प्रमाणित झाली आहे, त्यामुळे ती टाळण्याला आता सबब उरलेली नाही.

एवढे करूनही कारण हाती लागले नाही, तर टेलिमेट्री जरूर घ्या, कारण ती खरोखर उपयोगाची आहे. तिच्यात सर्व्हरने विचारण्याची वाट न पाहता उपकरणच ठरलेल्या अंतराने, किंवा पोर्ट बंद पडण्यासारखा बदल होताक्षणी, माहिती पाठवते. मात्र पाच मिनिटांऐवजी दर १० सेकंदांनी माहिती घेतली, तर नोंदी तीसपट होतात आणि त्या साठवायला व पाहायला जागा आणि माणूस दोन्ही लागतात. सुरुवात फक्त अपलिंक पोर्टांपासून करा. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक पोर्टची नोंद ठेवून तुम्हाला काहीही मिळणार नाही. खरेदीच्या पत्रात जीएनएमआय आणि ओपनकॉन्फिग (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना चालणारी, माहिती पाठवण्याची पद्धत आणि तिची सामाईक मांडणी) यांना पाठिंबा आहे का, हे लेखी विचारा. नाहीतर पुढचा स्विच दुसऱ्या कंपनीचा आला, की सगळी मांडणी पुन्हा करावी लागेल.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या फायरवॉलचे व्यवस्थापन-पान घरून पाहता यावे म्हणून इंटरनेटवर खुले ठेवले आहे. पासवर्ड कठीण आहे. एवढे पुरेसे आहे का? आणि लॉग (उपकरणात आपोआप होणाऱ्या घडामोडींच्या नोंदी) किती दिवस ठेवावेत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पुरेसे नाही, ते पान आजच बंद करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को या कंपनीच्या स्विच-राऊटरवर चालणाऱ्या आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब-व्यवस्थापनात असा दोष उघड झाला, की पासवर्ड मुळीच माहीत नसलेल्या हल्लेखोराला सर्वोच्च अधिकाराचे खाते उघडता येत होते. त्या दोषाला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले होते. अशा वेळी कठीण पासवर्डचा काय उपयोग? घरून काम करायचे असेल तर आधी व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सांकेतिक, खासगी जोडणीने) आत या, मग व्यवस्थापनासाठी वेगळ्या ठेवलेल्या व्हीलॅनमधून (जाळ्याच्या स्वतंत्र भागातून) फायरवॉल उघडा.

लॉगबाबत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश स्पष्ट आहेत : लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे, घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायची आणि निर्देशांत नमूद केलेली सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. फायरवॉलच्या स्वतःच्या स्मृतीवर विसंबू नका, कारण तिथे जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. सिसलॉगने (नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवण्याच्या पद्धतीने) त्या वेगळ्या सर्व्हरवर पाठवा. घड्याळाकडे सगळेच दुर्लक्ष करतात. मी पाहिलेल्या एका कार्यालयात फायरवॉल २० मिनिटे पुढे होती आणि सर्व्हरवरच्या लॉगिनशी तिची एकही नोंद जुळत नव्हती. कोणता संगणक आधी बाधित झाला हे ठरवण्यात दोन दिवस गेले. तुमच्या फायरवॉलवर दिसणारी वेळ मोबाइलच्या वेळेशेजारी ठेवून आजच पाहा.