गोव्यातल्या कॉलेजात इव्हेंट मॅनेजमेंट शिकवायचं तर मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवता, येत्या सत्रापासून इव्हेंट मॅनेजमेंट हा ऐच्छिक विषय तुमच्या गळ्यात पडलाय, आणि पुस्तकातले 'पाच सी' (C या अक्षराने सुरू होणारे नियोजनाचे पाच मुद्दे) सांगून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आहे. शिवाय प्रात्यक्षिकाला किती गुण ठेवावेत हेही विचारलंय. मी फोंड्याचा. १४ वर्षं हेच काम करतो: लग्नं, कंपन्यांच्या परिषदा, मधूनच एखादा सरकारी सोहळा. शिक्षक नाही, त्यामुळे अभ्यासक्रमाची भाषा मला येत नाही.

सजावट आणि थीम यांत सत्र घालवू नका. ते मुलं मोबाइलवर बघून तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त शिकून येतात. त्यांना येत नाही ते वेळ शेवटाकडून मागे मोजत येणं. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर मोजणी रात्री १० पासून सुरू होते, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सण-उत्सवासाठी सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाला फार तर १५ दिवस, आणि क्लायंटच्या भाचीचं 'संगीत' त्यात बसत नाही. तर १० ला आवाज बंद, म्हणजे शेवटचं गाणं पावणेदहाला, जेवण साडेआठला खुलं, पाहुणे सातला, साउंड-चेक पाचला, ट्रक सकाळी ११ ला. आणि त्या ट्रकला वाडीतल्या वाटेवर वळता येतं का, हे आदल्या आठवड्यात कोणीतरी जाऊन बघितलेलं हवं.

दुसरं गणित जेवणाचं. ४०० पाहुणे, ताट भरायला माणशी अर्धं मिनिट. एकच रांग ठेवली तर २०० मिनिटं, म्हणजे शेवटचा माणूस बाराला दहा मिनिटं कमी असताना जेवणार. दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी घेता येईल अशी लावली की चार रांगा होतात आणि ५० मिनिटांत काम उरकतं. हे कॉमर्सची मुलं वहीत पाच मिनिटांत सोडवतील, पण टेबल भिंतीला चिकटवून ठेवणारे पदवीधर मी बघितलेत.

परवानग्यांचं पाठांतर नको. गट करा, एकेका गटाला एकेक जागा द्या आणि अर्ज कुठल्या खिडकीवर जातो हे जाऊन विचारायला लावा: पंचायत, पोलीस, अग्निशामक दल, दारू असेल तर अबकारी खातं, ध्वनिमुद्रित गाणी असतील तर त्यांचे परवाने. एका गटाला मुद्दाम किनारा द्या. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि तो काळ नेमका आपल्या सीझनचाच. मग दिवे कुठे, आवाज किती, यावर वर्गात भांडण होईल. होऊ द्या.

आता माझी फजिती. स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं रिसेप्शन, ऑक्टोबरातलं, लॉनवर. परतीचा पाऊस मी हिशेबात धरलाच नव्हता. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि मी डेकोरेटरला फोन लावत बसलो. मंडप घालायला आलेल्या माणसांत एक वयस्क काका होते, गावच्या जत्रेतल्या नाटकाचा रंगमंच दरवर्षी तेच उभा करायचे. कोणी न सांगता त्यांनी कुदळ मागून घेतली, मंचाच्या वरच्या अंगाला चर मारला, जनरेटरच्या केबली विटांवर चढवल्या आणि साउंडच्या कन्सोलवर ताडपत्री टाकली. तासभर पाऊस कोसळला, पण एकही दिवा गेला नाही. बिल मात्र माझ्या नावाचं निघालं.

म्हणून सांगतो, प्रात्यक्षिकासाठी पंचतारांकित हॉटेलच्या मागे लागण्याआधी मुलांना देवळाच्या जत्रेतल्या नाटकाला जोडून द्या. वर्गणी, पावत्या, तालमी, मंडप, वीज, पाहुण्या नटाची गाडी, रुसलेला खजिनदार, सगळं तिथे आहे, आणि गावकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. साखळीचं रवींद्र भवन तुम्हाला जवळ आहे. तिथल्या रंगमंचामागच्या लोकांबरोबर एक दिवस घालवला तरी मुलांच्या तोंडी 'लाइट लावा' ऐवजी नेमका शब्द येईल.

गर्दी हा धडा टाळू नका. २०२५ च्या मे महिन्यात तुमच्याच तालुक्यात, शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. मुलांना ते परकं नाही. एखाद्या जत्रेच्या जागेचा नकाशा काढायला लावा: वाट कुठे अरुंद होते, येणारे आणि जाणारे कुठे समोरासमोर येतात, रुग्णवाहिका कुठवर पोचते.

नोकरीचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात माणसं कमी पडतात. २००४ पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीत आहे, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, वर नाताळ. मात्र या गडबडीत मुलांना 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवणारे भेटतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने एका कंपनीसाठी १२ दिवस पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या, हातात एक प्रमाणपत्र. कॉलेजने आधीच लेखी ठरवावं: काम कोणतं, तास किती, मानधन किती, रात्री घरी सोडणार कोण. आणि जून ते सप्टेंबर हात रिकामे असतात हेही मुलांना आत्ताच सांगा. साउंड, लाइट किंवा हिशेब, यांतलं एक पक्कं येत असलेला मुलगा पावसाळ्यातही पोट भरतो. नुसता 'कोऑर्डिनेटर' असलेला घरी बसतो.

गुण? निम्मे प्रात्यक्षिकाला ठेवा, आणि त्यातले बरेचसे कार्यक्रम संपल्यानंतरच्या तासासाठी. खुर्च्या मोजून परत, केबली गुंडाळून, कचरा वेगळा करून, हॉलचं डिपॉझिट हातात. तुम्ही मात्र वही घेऊन तिथे थांबा, कारण त्या वेळी अर्धा वर्ग ग्रुप फोटोत असतो.