शब्दाच्या नादावर जाऊ नकोस

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

‘फ्लुओरेसन्स’वरचा, म्हणजे बाहेरून प्रकाश पडला की काही वस्तू वेगळ्याच रंगात उजळतात त्यावरचा, तुझा मजकूर वाचला. मूळ लॅटिन शब्द फुलाचा, ‘फ्लोस’, म्हणून फ्लुओरेसन्स म्हणजे प्रकाशाचं फुलणं, असं तू लिहिलंयस. आणि खाली तूच विचारतोस की कोशात ‘वाहणं’ असा अर्थ सापडतो, मग वाहण्याचा प्रकाशाशी संबंध काय? शंका रास्त आहे. फूल मात्र आजच खोडून टाक. शब्दाच्या नादावर जायचं नाही. तो कुणी केला, कधी केला आणि करताना त्याच्यासमोर कोणती वस्तू होती, हे आधी शोधायचं.

इथली वस्तू म्हणजे एक दगड. फ्लुओरस्पार, म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइड. धातू गाळताना तो भट्टीत टाकला की मळी, म्हणजे धातूपासून वेगळा होणारा वितळलेला गाळ, पातळ होऊन वाहू लागते. म्हणून अग्रिकोला या जर्मन खनिजतज्ज्ञाने १५३० च्या पुस्तकात अशा दगडांना ‘फ्लुओरेस’ म्हटलं. ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणं. इथवर भट्टी आहे, मळी आहे, उजेडाचा पत्ता नाही.

उजेड येतो १८५२ मध्ये. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी क्विनाइनच्या, म्हणजे हिवतापावरच्या कडू औषधाच्या, द्रावणाची नळी लोलकाने पाडलेल्या वर्णपटातून सरकवत नेली. लाल, पिवळा, हिरवा: काही नाही. जांभळ्याच्या टोकाशी, आणि त्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना नुसता काळोख दिसतो तिथे, नळी निळी उजळली. न दिसणारा, म्हणजे अतिनील, प्रकाश आत गेला आणि त्याहून कमी ऊर्जेचा, दिसणारा प्रकाश बाहेर आला. याला म्हणायचं काय? इंग्लंडचे वैज्ञानिक जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये हा निळेपणा द्रावणाच्या पृष्ठभागालगत पाहून त्याला ‘एपिपोलिक’, म्हणजे पृष्ठभागावरचं, म्हटलं होतं. स्कॉटलंडचे वैज्ञानिक डेव्हिड ब्रूस्टर त्याला अंतर्गत अपस्करण, म्हणजे प्रकाशाचं आतल्या आत विखुरणं, म्हणत. दोन्ही नावांत कारणमीमांसा आधीच घुसलेली. स्टोक्स यांचं स्वतःचं पहिलं नावही तसंच होतं आणि ते त्यांनाच रुचेना. मग एका तळटीपेत त्यांनी सुचवलं की ओपल खड्यावरून ‘ओपलेसन्स’ झालं, तसं फ्लुओरस्पारवरून ‘फ्लुओरेसन्स’ म्हणावं. झालं. प्रकाशाला नाव दगडाचं, दगडाला नाव वाहण्याचं. वस्तू हातात धरलीस की कोडं उरतच नाही.

तो दगडही नीट बघ. अगदी शुद्ध कॅल्शियम फ्लुओराइड असा उजळत नाही. निळेपणा येतो तो बहुधा त्यात मिसळलेल्या युरोपियम या धातूच्या अंशामुळे. उत्तर इंग्लंडमधल्या वेअरडेलचा हिरवा स्फटिक घरातल्या दिव्याखाली हिरवाच असतो. उन्हात धरला की त्यातल्या अतिनील प्रकाशाने निळा होतो.

तुझी दुसरी चूक मराठी माणसाने करावी अशीच आहे. फ्लुओरेसन्स आणि फॉस्फोरेसन्स, दोन्हींत ‘वाहणं’ आहे असं तुला वाटलं. पण पाणी वाहतं आणि हमाल ओझं वाहतो, ही दोन वेगळी वाहणी आहेत. ग्रीक ‘फॉस्फोरस’ म्हणजे प्रकाश वाहून आणणारा. ते पहाटेच्या शुक्राचंही नाव होतं. फ्लुओरेसन्स बाहेरचा प्रकाश बंद होताच विझतो, फॉस्फोरेसन्स मागे रेंगाळतो, छताला चिकटवलेल्या ताऱ्यांसारखा. आणि १६६९ मध्ये हॅम्बुर्गला हेनिग ब्रांटला सापडलेला फॉस्फरस, आपला स्फुरद, तो चमकतो हवेतल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेने. तो फॉस्फोरेसन्स नव्हेच. गाडीच्या मागच्या ‘रेडियम’च्या पट्टीचंही तेच. तिच्यात रेडियम नाही, ती दिव्याचा उजेड आला तिकडे परत पाठवते. बोलताना चालेल, लेखात नाही.

तू म्हणशील, वाचकाला फूल आवडलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. फूल आतून उमलतं. इथे बाहेरून प्रकाश पडल्याशिवाय काही घडतच नाही, आणि नेमकं तेच वाचकाच्या हातून निसटतं. या हट्टापायी माझं लिहून कमी झालं, याची खंत आहे. हट्ट सोडावासा मात्र अजून वाटत नाही.

आता हे करून बघ. टॉनिक वॉटर आण, लेबलवर क्विनाइन लिहिलंय ना ते वाचून. एका काचेच्या ग्लासात ते, दुसऱ्यात साधा सोडा. खाली काळं कापड घाल. पांढरा कागद किंवा धुतलेला सदरा स्वतःच निळा उजळतो आणि फसगत होते, कारण त्यांत उजळपणा आणणारी द्रव्यं असतात. खोलीत अंधार कर आणि ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील टॉर्च बाजूने मार, डोळ्यांकडे नको. ३९५ चा स्वस्त टॉर्च चालेल, पण त्याचा स्वतःचा जांभळा उजेड मिसळतो. म्हणून तर शेजारी सोडा ठेवायचा. टॉनिक वॉटर निळं दिसलं की त्यात अर्धा चमचा मीठ ढवळ. निळेपणा मंदावेल: मिठातले क्लोराइड आयन क्विनाइनची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतात.

दोन्ही ग्लास समोर ठेवून पहिला परिच्छेद नव्याने लिही आणि रविवारपर्यंत पाठव. ‘फ्लोरसंट’ नको, ‘फ्लुओरेसंट’ लिही. ‘फ्लो’ लिहिलंस की फूल परत येतं.