मोठे टायर टाकू का दादा? काळ्या रानातून आलेले प्रश्न

पहिला पाऊस पडला की माझ्याकडं दुसरा विषयच येत नाही, नुसतं टायर टायर. या वेळी त्यातले सहा प्रश्न घेतलेत, नावं टाकत नाही, गाव तेवढं टाकतो.

प्रश्न (परभणी): थार आहे, कंपनीचे 245/75 आर16 टायर आहेत. रीलमध्ये दिसतात तसे 33 इंची टाकायचेत. गाडी किती उंच होईल?

भाऊ, आधी ते आकडे वाचायला शिका मग दुकानात जा. 245 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 75 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 75 टक्के, आणि 16 म्हणजे रिम, ते मात्र इंचात (असला खिचडी हिशोब कुणी काढला देव जाणे). भिंत झाली 184 मिमी, ती वर एक आणि खाली एक, मधी रिमचे 406, असा तुमचा टायर उंचीला 774 मिमी, म्हणजे साडेतीस इंच. 33 इंची म्हणून जो 285/75 आर16 देतात तो भरतो 834. फरक 60 मिमीचा, पण गाडी उचलली जाते फक्त 30, कारण फरकातला निम्मा भाग चाकाच्या मध्याच्या वर जातो, तो गाडीच्या पोटाला काय कामाचा नाही. एवढा खर्च करून हातात पडली जेमतेम दोन बोटं!

आणि त्या दोन बोटांसाठी काय काय जातं ते बघा. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर लायनरला (चाकाच्या वरचं आतलं प्लास्टिकचं आवरण) घासतो, पिकअप मरतो कारण प्रत्येक गिअर जवळपास पावणेआठ टक्के लांबल्यासारखा होतो, चढावर क्लच जळल्याचा वास येतो, ब्रेकला जास्त जोर लागतो. मीटर 80 दाखवतंय तेव्हा गाडी 86 ला असते. किलोमीटरही कमी पडतात, 1000 पळाली तर मीटरवर 928, मग माणूस म्हणतो अॅव्हरेज पडलं. खरं थोडं पडलेलं असतंच, उरलेलं मीटर खातं.

मी पण खाल्लीय ही ठेच. जुन्या जीपला एका दुकानात 31 इंची टाकले, तो म्हणाला बसतंय बिनधास्त न्या, आणि उभ्या गाडीत खरंच बसले. चौथ्या दिवशी शेताचा बांध तिरपा चढवताना एक चाक वर दाबलं गेलं आणि आतून असा खर्रर्र आवाज आला की वाटलं इंजिनच खाली आलं. उतरून बघतो तर लायनर फाटलेला आणि ब्रेकच्या होजला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीला, टायरचा काळा पट्टा उमटलेला. ती होज फाटली असती तर आज हे लिहायला मी नसतो. म्हणून सांगतो, टायर टाकला की एक चाक ठोकळ्यावर चढवा, स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवा, मोबाईलची बॅटरी लावून आत बघा, आणि हे दुकानदाराच्या समोरच करा, पैसे द्यायच्या आधी.

वाढवायचाच असेल तर 265/75 आर16 बघा. तो 804 मिमी, मीटरचा फरक चार टक्क्यांच्या आत, आणि कंपनीचे मीटर तसेही थोडं जास्तच दाखवतात त्यात बराचसा खपून जातो.

प्रश्न (माजलगाव): बोलेरो आहे. उसाच्या रानात पावसाळ्यात दरवेळी रुतायलीय. मोठा टायर टाकला तर निघेल का?

या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकतो. आपली काळी माती साधा चिखल नाही राव. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात त्याच रानात भेगा पडून पाय जाईल एवढी फट असते आणि जुलैत तेच रान लोण्यासारखं. तुमच्या रोडच्या टायरला वीस फूट जाऊ द्या आणि खाली उतरून हात लावून बघा. नक्षी कुठंय ते सापडत नाही, सगळ्या खाचा भरून टायर गोटा झालेला असतो, वरून उसाचं पाचट लिंपलेलं, जणू घर सारवायला काढलाय. आता असा गोटा 29 इंची असो का 31 इंची, फिरणार तो जागेवरच. म्हणून तुमचा पहिला प्रश्न आकाराचा नाहीच, नक्षीचा आहे. ज्याला लोक बटन टायर म्हणतात तो मड टेरेन, त्याच्या ठोकळ्यांमधी मोठ्या फटी असतात, चाक जरा जोरात फिरलं की त्यातनं माती भिरकावली जाते आणि ठोकळा परत मोकळा होतो. ऑल टेरेन मधला पर्याय, मुरूम, खडी, डांबर सगळीकडं बरा, पण पक्क्या काळ्या गाऱ्यात तो पण भरतोच.

आता रुंद का अरुंद? यावर पारावर भांडणं होतात आणि दोन्ही बाजू बरोबर असतात, महिना वेगळा असतो एवढंच. जूनच्या पहिल्या पावसात वरचे चार बोटं गारा आणि खाली कोरडं टणक, तिथं अरुंद टायर गारा कापून खाली टेकतो आणि गाडी निघते. ऑगस्टमधी रान खोलपर्यंत भिजलेलं, चिबड झालेलं, तिथं कापत गेला तर खाली टेकायला काही नाहीच, गाडी पोटावर बसते, तेव्हा रुंद टायर पाहिजे आणि हवा कमी पाहिजे.

हवा हा फुकटातला मोठा टायर आहे. रानात उतरायच्या आधी 18 ते 20 पीएसआयवर आणा, टायर पसरतो, पकड वाढते. 15 च्या खाली नको, वळताना टायर रिमवरून सुटतो. आणि रोडला लागल्या लागल्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी परत भरा, 12 व्होल्टचा पंप गाडीतच टाकून ठेवा. कमी हवेत हायवेला पळवली की टायरची भिंत तापून फुटते, आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका.

आकाराचं म्हणाल तर 215/75 आर15 वरून 235/75 आर15 वर गेलात तर पोट 15 मिमी उचललं जाईल. ऐकायला कमी वाटतं पण मागच्या एक्सलचा जो गोळा आहे ना, रानात घासतो तो, त्याला उचलणारी गोष्ट एकच, टायर. लिफ्ट किट टाकली तर बॉडी वर जाते, गोळा जिथल्या तिथंच राहतो. हे लिफ्ट किट विकणारा तुम्हाला सांगणार नाही. जुन्या रिमवर 235 चालतो का ते मात्र रिमवर कोरलेली रुंदी आणि टायर कंपनीचा तक्ता जुळवून बघा. आणि एक कडू गोष्ट, बोलेरो मागच्या चाकांवर चालते. चारही चाकं ओढणारी गाडी जिथं जाते तिथं ती टायर बदलून जाणार नाही, भर पावसात गाडी पाणंदीच्या तोंडाशी उभी करून चालत जाणं पण एक उपाय आहे, ट्रॅक्टरवाल्याला बोलवायचे पैसे वाचतात.

प्रश्न (जालना): बजेट कमी आहे, फोर बाय फोर गाडीला मागचे दोनच मोठे टाकले तर?

नाही. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या उंचीची असली की फोर बाय फोर टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांना ओढतात, कोरड्या रोडवर तर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची, वाटच लागते. चारही एकाच साइजचे, एकाच कंपनीचे, घासलेले पण सारखेच. पैसे साठवा, पुढच्या हंगामात टाका.

प्रश्न (लातूर): रानातून आल्यावर 70-80 ला स्टेअरिंग थरथरतं. अलाइनमेंट दोनदा केली, फरक नाही.

रिमच्या आतल्या बाजूला बघितलं का? नाही बघितलं, पैज लावतो. काळी माती आत चिकटून वाळते, विटेसारखी होते, आणि चाकाचा तोल जातो. खुरपं घ्या, चाकामागं वाकून आतनं खरवडा, मग प्रेशर पाण्यानं धुवा. नव्वद टक्के गाड्यांचं तिथंच भागतं. नाही भागलं तर बॅलन्सिंग करा. अलाइनमेंट म्हणजे चाकं सरळ रेषेत आणणं आणि बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं, अलाइनमेंटचे पैसे तुम्ही उगाच दोनदा दिले.

प्रश्न (नांदेड): मोठ्या टायरला आरटीओ पकडतं का? जुने मोठे टायर स्वस्तात मिळायलेत, घेऊ का?

कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, कंपनीनं जशी गाडी दिली आणि आरसीवर जशी नोंद आहे त्यात मनानं बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. 182अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एखादी साइज वाढवली म्हणून रोज कुणी थांबवत नाही हे खरं, पण फेंडरच्या बाहेर आलेले टायर लांबून दिसतात, आणि अपघात झाला की विमावाला पहिला फोटो टायरचा काढतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते ती निवडा, बोलायला जागा राहते.

जुन्याचं विचाराल तर भिंतीवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. असला टायर नक्षीनं नवा दिसला तरी रबर म्हातारं झालेलं असतं, भिंत दाबून बघा, बारीक चिरा दिसतील. सोडून द्या. आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघा, 105 म्हणजे एका टायरला 925 किलो, 100 म्हणजे 800. कंपनीपेक्षा कमी आकडा असलेला कितीही मोठा टायर असो, घ्यायचा नाही.

प्रश्न (तुळजापूर): जिम्नीला 195/80 आर15 आहेत, 215/75 आर15 चालतील?

चालतील. 693 वरून 703 मिमी, दीड टक्का, मीटरला कळणार पण नाही. स्टेपनी मात्र त्याच साइजची पाचवी घ्या. लोक चार घेतात, मागच्या दारावर जुनी तशीच लटकत ठेवतात, आणि पंक्चर नेमकं रात्री घाटात होतं.